छप्पन्न विनायक आणि चार उपग्रह

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने डबा शोधण्याचा खेळ आहे. एकाने डबा लपवायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने जीपीएस रिसीव्हर घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. आतली वस्तू घेतलीच, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू बदल्यात ठेवायची, असा शिरस्ता आहे. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम कालवलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारी यंत्रे एकदम दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक बादली लपवली. तिच्यात इतर चीजवस्तूंबरोबर घेवड्याचा एक डबाही होता. लष्करासाठी उभारलेल्या यंत्रणेचा असा उपयोग होईल, हे तिच्या जनकांच्या स्वप्नातही आले नसेल.

या खेळाच्या जोडीने पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणे आले, आणि त्यात सामान घरीच शिवणाऱ्यांचा एक कडवा पंथ आहे. हा पंथ वजन ग्रॅममध्ये मोजतो. टूथब्रशचा दांडा अर्धा कापतो. (पोटाचे वजन या हिशेबात धरत नाहीत.) पुण्याहून वाराणसीला गेलेल्या एका प्रवाशाची सॅक निवडणुकीनंतर उतरवलेल्या फ्लेक्सची होती. पट्टे जुन्या बाजारात मिळालेल्या मोटारीच्या सीटबेल्टचे, शिवण घरच्या पायमशीनवरची. फ्लेक्स भिजत नाही, सहसा फाटत नाही आणि फुकट मिळतो. दोष एकच. पाठीवर एक पराभूत उमेदवार सतत हात जोडून उभा असतो. चूल शीतपेयाच्या दोन रिकाम्या डब्यांची, टाचणीने भोके पाडलेली. ती स्पिरिटवर पेटते आणि चहाचे आधण येईतो बहुधा विझते. याउलट, ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे १८५७ च्या बंडातून जीव वाचवून आपल्या गावी वरसईला परतले ते गंगेची कावड घेऊन. कावडीला चेन नसते, बकल नसते, आणि ती गल्लीत उसवल्याची नोंद नाही.

वाराणसीत डबा लपवू नये. ७ मार्च २००६ ला संकटमोचन मंदिरात आणि कँटोन्मेंट स्थानकात स्फोट झाले, ७ डिसेंबर २०१० ला शीतला घाटावर झाला. आरतीला, दर्शनाला, गाडी पकडायला आलेली माणसे त्यांत गेली. त्या शहरात देवळाच्या कोनाड्यात बेवारस डबा ठेवून कुणी त्याला खेळ म्हणत असेल, तर त्याचा रिसीव्हर काढून घ्यावा.

डब्यांची तशी गरजही नाही. स्कंदपुराणातल्या काशीखंडाने शोधण्याजोग्या गोष्टींची व्यवस्था आधीच लावली आहे. सात आवरणे, प्रत्येक आवरणात आठ दिशांना आठ, असे छप्पन्न विनायक काशीभर विखुरलेले आहेत. बाहेरच्या आवरणातला अर्कविनायक लोलार्ककुंडाजवळ, दुर्गाविनायक दुर्गाकुंडाशी. हे विनासायास सापडतात. आतल्या आवरणांतले काही मात्र घरांच्या पोटात गेले आहेत. काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले भूगोलतज्ज्ञ राणा पी. बी. सिंग यांनी काशीच्या तीर्थस्थानांचे नकाशे केले आहेत. अशाच एका नकाशावरून आकडे उतरवून घेतले, यंत्रात भरले, की खेळ सुरू.

आणि गल्लीत शिरले, की बंद. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जागा ठरवायला त्यांतले निदान चार एका वेळी दिसावे लागतात. काशीच्या गल्लीत वर पाहिले तर दोन सज्जे, एक वाळत घातलेली साडी आणि विजेच्या तारांचा गुंता दिसतो. उरलेल्या फटीत उपग्रह मावलाच तर एखादा. शिवाय भिंतींवर आपटून येणारे संकेत उशिरा पोचतात आणि यंत्राला वाटते, अंतर जास्त आहे. ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत फ्लेक्सवाल्या प्रवाशाचे यंत्र सांगत होते, की विनायक नऊ मीटरवर आहे; त्याखालच्याच ओळीत सांगत होते, की चूक चाळीस मीटरची असू शकते. ज्योतिषीही एवढा प्रामाणिक नसतो.

स्वस्त रिसीव्हरचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याला होकायंत्र नसते. धरणारा चालत असेल तोवर बाण खरी दिशा दाखवतो. तो थांबला की बाणाला काही कळत नाही. प्रवाशाला मात्र थांबावे लागले, कारण समोर वळू उभा होता. वळू गल्लीएवढाच रुंद होता आणि त्याला कुठे जायचे नव्हते. मागून मोटरसायकलला दुधाच्या कॅन अडकवलेला दूधवाला आला आणि हॉर्नवर बोट ठेवून राहिला. बाण दक्षिण, वायव्य, नंतर वळू असा फिरला. प्रवाशाने अंग चोरून भिंतीला लागायचा प्रयत्न केला. तेव्हा उमेदवार एका दाराच्या कडीत अडकला. पुढे ओढ, मागे हॉर्न. पायमशीनची टीप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात उसवली.

चूल घरंगळत गटारात गेली. स्पिरिटची बाटली फुटली आणि तो वास गल्लीभर पसरला. शेजारच्या ओट्यावरच्या मंडळींनी एकदा बाटलीकडे, एकदा फ्लेक्सवरच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले आणि मनाशी जे जुळवायचे ते जुळवले. दूधवाला म्हणाला, “का गुरु, चुनाव त कब का बीत गयल!” छप्पन्न विनायकांची यादी जमिनीवर पडली होती. ती वळूने खाल्ली. सावकाश, सातही आवरणे.

वरच्या खिडकीतून एका आजींचा आवाज आला, तो मराठी होता.

“त्या मशीनकडे काय बघताय? गणपती आमच्या जिन्याखाली आहे. चपला काढा नि आत या.”

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा काशीतला जुना मराठी वस्तीचा भाग. या आजींचे घराणे पेशवाईत वाईहून आलेले. त्या जन्मल्या दुर्गाघाटावर आणि दिल्या ब्रह्माघाटावर, म्हणजे शेजारच्याच घाटावर. जिन्याखाली पाण्याच्या पंपाला लागून विनायक होता. शेंदराचे थर इतके जाड, की सोंड हाताने चाचपावी लागे. आजींनी दाभण आणि सुतळी घेऊन सॅक शिवायला घेतली. टाके घट्ट होते. त्यांतले चार उमेदवाराच्या तोंडावरून गेले.

“त्या मशीनमध्ये वाई दिसते का?” दाभण ओवता ओवता त्यांनी विचारले.

घरात दिसणार नव्हती. गच्चीवर आकाश होते. उपग्रह एकामागून एक लागले. वाई नैर्ऋत्येला, सरळ रेषेत सुमारे साडेबाराशे किलोमीटर. आजींनी वाई कधी पाहिलेली नाही. ढोल्या गणपतीपुढच्या कृष्णेला पावसात किती पाणी चढते, घाटाच्या किती पायऱ्या बुडतात, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतले. बाणाने दाखवलेल्या दिशेला दुसऱ्याच्या गच्चीवर पापड वाळत होते. “सरळ रेषेत कोण जातंय,” त्या म्हणाल्या आणि दाभण डबीत ठेवून दिले.

उघड्या आकाशाखालचा मोठा मार्ग हवा असेल, तर काशीभोवतीची पंचक्रोशी यात्रा आहे: सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम. महाशिवरात्रीला पुष्कळजण ती एका दिवसरात्रीत चालतात. या वाटेवर रिसीव्हर उत्तम चालतो आणि लागत नाही. यात्रेच्या दिवसांत पुढे चालणाऱ्याची पाठ दिसत असते, फ्लेक्सविना. परदेशातून येणाऱ्यांनी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे आणू नयेत. भारतात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. नुसत्या रिसीव्हरला दोन पेन्सिल सेल पुरतात. ते गोदौलिया चौकात मिळतात. विश्वनाथाच्या दर्शनाला जाताना यंत्र, सेल आणि सॅक तिन्ही लॉकरमध्ये ठेवावी लागतात.