नाणेघाटाचे नवे सातवाहन

आषाढ लागला की जुन्नरकडून नाणेघाटाच्या दिशेने गाड्यांची रांग लागते आणि तिच्या पाठोपाठ जुन्याजाणत्या ट्रेकर मंडळींचा निषेध सुरू होतो. गर्दी फार, कचरा फार, गोंगाट फार! या मंडळींनी वैशाखऱ्याच्या बाजूने घाट अनेकदा चढला असेल, पण इतिहास नीट वाचलेला दिसत नाही. शनिवार-रविवारी तिथे लोटणारी जनता हीच सातवाहनांची खरी वारसदार आहे, असं आमचं नम्र मत आहे.

मुळात हा घाट एकांतासाठी खोदलेलाच नाही. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल जुन्नर आणि तिथून पुढे पैठणला नेण्याचा तो हमरस्ता. म्हणजे वाहतूक कोंडीला इथे दोन हजार वर्षांची परंपरा आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. आज तोच रांजण फास्टॅग होऊन गाडीच्या काचेवर चिकटला आहे. त्या काळी जकात घेऊन वर दगडी फरसबंदीही करून देत, हा तपशील आम्ही सरकारच्या सोयीसाठी गाळतो.

आता घाटातल्या लेण्यात चला. भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध केले, गाई दिल्या, हत्ती-घोडे दिले, कार्षापण नाणी वाटली. सगळा हिशेब आकड्यांनिशी. भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांत या लेखातल्या आकड्यांची गणना होते, आणि ते वापरले कशासाठी, तर खर्च किती केला हे सांगायला! मग थारचा हप्ता, बुटांची किंमत आणि रिसॉर्टचं भाडं स्टेटसवर टाकणाऱ्याने काय घोडं मारलं? मागच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार असे सगळे ओळीने उभे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. ग्रुप फोटो काढून वर टॅग! पुढे मूर्ती गेल्या, नावं आणि पायांच्या खुणा राहिल्या. यातून धडा घेऊन आजचा पिंट्या मूर्तीच्या भानगडीत न पडता थेट कातळावर नाव टाकतो. तेही ऑइल पेंटमध्ये, बाणासह. ब्राह्मी वाचायला विद्वान लागतो. पिंट्याचं प्रेम शाळकरी पोरालाही वाचता येतं.

राहता राहिला बाटल्यांचा प्रश्न. सातवाहनकाळात रोमन जगातलं मद्य आपल्या किनाऱ्यावर कुंभांतून येत असे. त्या कुंभांच्या खापऱ्या सापडल्या की पुरातत्त्ववाले हरखून जातात, व्यापारावर निबंध लिहितात. मग पठारावरच्या हिरवळीत काचा पेरणाऱ्यांकडे तुच्छतेने का पाहावं? ते पुढच्या उत्खननाची तयारी करत आहेत. इसवी सन ४०००मधला संशोधक निष्कर्ष काढेल, 'येथे पावसाळ्यात मोठा यज्ञ होत असे. आहुती मुख्यतः सोमरसाची, नैवेद्य कांदाभजी आणि मॅगीचा. मंत्रघोष ब्लूटूथ स्पीकरवर.'

प्रशासनाचीही स्वतःची परंपरा आहे. पावसाळ्यात कड्याच्या टोकाला जाऊ नका, असा मनाई आदेश निघतो. तो लावलेल्या फलकाला पाठ टेकवून लोक सेल्फी घेतात. पावसात आडोसा बरा मिळतो.

एक कड्यावरचा वारा तेवढा या परंपरेत बसत नाही. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून असा उसळतो की खाली पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. हा उलटा धबधबा पाहायला तर निम्मी गर्दी येते. तिथे एका गृहस्थांनी वेफर्स संपवून रिकामं पाकीट मोठ्या ऐटीत दरीत भिरकावलं. पाकीट हातभर खाली गेलं, गरकन वळलं आणि वर येऊन त्यांच्याच गालावर फाडकन बसलं. ते सोलून काढत गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, किती घाण करून ठेवलीय लोकांनी!" आणि पाकीट पुन्हा दरीत टाकलं.