थारला म्हणे तेहतीस इंची!

अहो, ऐकलंत का? बी विंगमधल्या थारला तेहतीस इंची टायर चढले! नाशकातून चांगली सालस गाडी निघाली होती हो. वर्ष झालं नाही तोच ही थेरं. चाकं मडगार्डच्या बाहेर आलीत, टायर काळे, दातेरी, 'मड-टेरेन' का काय म्हणतात ते. गाडी गेटमधून आत शिरली की तो घूंऽऽ आवाज चौथ्या मजल्यावर कळतो. आणि चिखल म्हणाल, तर मिसळ खायला जाताना लागतो तेवढाच.

बरं, घरी काही कमी होतं असंही नाही. तीन दारांच्या थारला कंपनी १८ इंची रिमवर २५५/६५चा टायर देतेच. म्हणजे २५५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के जाडी, ती वर-खाली दोनदा धरायची आणि मध्ये रिम. उंची झाली ७८९ मिलिमीटर, म्हणजे एकतीस इंच. आता आलेत ते १७ इंची रिमवरचे २८५/७०. ते भरतात ८३१. म्हणजे तेहतीस म्हणून मिरवतात आणि टेप लावला तर पावणेतेहतीस!

फरक ४२ मिलिमीटरचा. त्यातला निम्माच गाडीच्या पोटाखाली जातो, उरलेला वरच्या बाजूला, मडगार्ड घासायला. म्हणजे गाडी उचलली गेली २१ मिलिमीटर. बोटभर! पोटाखाली मूळची २२६ मिलिमीटर जागा होतीच. या बोटासाठी पाच टायर, पाच रिम आणि फुल स्टिअरिंग मारल्यावर आतून खर्र-खर्र ऐकू आलं की वर लिफ्ट किट. पाच का, तर स्टेपनी जुनीच ठेवली आणि पंक्चरच्या दिवशी फोर-बाय-फोर लावलं, तर एक चाक लहान आणि तीन मोठी, मग ट्रान्सफर केसचं काही खरं नाही. ही नवी जडशीळ स्टेपनी मागच्या दाराला लटकते. त्या बिजागऱ्यांची दया येते.

पण खरं कुलंगडं पुढेच आहे. ही गाडी वय चोरते! मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालंय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. गाडी पळते साडेदहा हजार किलोमीटर आणि तोंडाने सांगते दहा हजार. समृद्धीवर कारला १२०ची मर्यादा. मूळचा मीटर चोख होता असं धरलं, तर आता काटा ११४वर असतानाच आपण १२०वर पोचलेलो असतो. काटा १२०वर नेला की गाडी १२६वर. अवजड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, थांबवायला ब्रेकला. डिझेल किती खाते ते मालक सांगत नाहीत, पण पेट्रोलपंपावर हल्ली वरचेवर दिसतात.

कायद्याचं तर नावच काढू नका. कंपनीने मंजूर केलेल्या मापापलीकडे गेलात की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येऊ शकतं. मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. सुधारित कायद्यात प्रत्येक फेरबदलामागे पाच हजारांचा दंड आहे, सहा महिन्यांपर्यंतची कैदही आहे. विमा कंपनीला तर क्लेम नाकारायला निमित्तच हवं असतं.

सी विंगची तऱ्हा निराळी. तिथे वीस इंची रिम आलेत, चकचकीत, आणि त्यावर पापडासारखा टायर! अहो, खड्डा झेलायचा तो टायरच्या भिंतीने. तीच बारीक केली तर दणका थेट रिमला. ओबडधोबड वाटेवर जायचं तर रिम लहान आणि टायरची भिंत उंच असावी लागते. इथे नेमकं उलटं. निदान बी विंगवाल्यांनी रिम एक इंचाने उतरवला, तेवढं त्यांचं चुकलं नाही.

गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भरते. तिथल्या गाड्यांना बी विंगसारखे दातेरी टायर शोभतात, कारण त्यांच्याकडे विंच असतो, डिफरन्शियल लॉक असतो आणि समोर खरोखर कमरेएवढा चिखल असतो. आणि या साऱ्यांची आजी, ती विलीज जीप, दुसरं महायुद्ध ६.०० बाय १६च्या अरुंद टायरांवर लढून आली. तिला कोणी तेहतीस इंची विचारले नव्हते.

वाळूत, चिखलात गाडी रुतते ती अनेकदा हवा जास्त असल्यामुळे. आहे त्याच टायरांतली हवा १८-२० पीएसआयवर आणली की टायर पसरतो, जमिनीवर लांबट टेकतो आणि पकड घेतो. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची, एवढंच पथ्य. तेव्हा टायरच्या दुकानात शिरण्याआधी एक हवेचा गेज आणि एक छोटा कंप्रेसर घ्या. दोन्ही मिळून एका मड-टेरेन टायरपेक्षा स्वस्त पडतात.