थर्ड पार्टी

लखनऊ छावणीत गोळीचा आवाज कुणाला नवा नाही. लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालय इथे, अकराव्या गोरखा रायफल्सचं केंद्र इथे आणि आर्मी मेडिकल कोअरचंही इथेच. शहराने तर गोळ्यांच्या खुणा वारसा म्हणून जपल्यात. 1857 च्या वेढ्यात रेसिडेन्सीच्या भिंतींना पडलेली भोकं आजही तिकीट काढून बघता येतात. त्या धुमश्चक्रीनंतरच इंग्रजांनी मडियांवची जुनी छावणी सोडून दिलखुशाच्या बाजूला नवी वसवली. एवढं सगळं झालं, पण कोण कुणावर गोळ्या झाडतंय याबद्दल दोन्ही पक्षांत कधी मतभेद नव्हते. तो मान मामांच्या जोंगाला मिळायचा होता.

मामा मेडिकल कोअरमध्ये कर्नल. फौजी डॉक्टर असल्यामुळे लोकांच्या अंगातल्या गोळ्या काढण्याचं शिक्षण सरकारने त्यांना दिलं होतं. झाडण्याची हौस त्यांची स्वतःची. लखनऊत मराठी माणसाकडून लोकांची अपेक्षा निराळी असते. भातखंड्यांनी 1926 साली इथे संगीताचं कॉलेज काढलं, तेव्हापासून मराठी आडनाव ऐकलं की समोरचा अदबीने विचारतो, 'आप गाते भी होंगे?' मामा गात नसत. त्यांच्याकडे एअरगन होती.

आणि जोंगा होती. जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या नकाशावरून बनलेली, सहा सिलिंडरची, पेट्रोल पंपवाल्याने उठून नमस्कार करावा अशी तहान असलेली ही गाडी मामांनी लष्करी लिलावात घेतली. तिच्या कुळाचा त्यांना कोण अभिमान! जोंगावर 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवत. या तोफेला धक्का नसतो, कारण उडण्याचा अर्धा राग ती मागच्या तोंडाने बाहेर काढते. त्यामुळे हिच्या पुढे शत्रूने उभं राहू नये आणि मागे मित्राने. गंमत म्हणजे नाव 106 असलं तरी तिचं तोंड 105 मिलिमीटरचंच. जुन्या 105 शी गल्लत होऊ नये म्हणून एक मिलिमीटर कागदावर वाढवलेला. 1965 च्या लढाईत अब्दुल हमीदांनी खेमकरणजवळ पाकिस्तानी रणगाडे उडवले, ते जीपवरच्या याच तोफेने. तोफेची नळी पुढे येऊ शकावी म्हणून अशा गाड्यांची पुढची काचच मधोमध दुभंगलेली असे. म्हणजे वरून गोळा सुटला तरी गाडीला ओरखडा येऊ नये, याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता. एअरगनचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

सुट्टीत आम्ही पुष्पक एक्स्प्रेसने लखनऊला जात असू. जूनचे दिवस, मलिहाबादच्या दशहरीचा मोसम. बंगल्यामागच्या भिंतीवर मामांनी वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवला. एअरगनवर नवीकोरी दुर्बीण चढवली होती. नेम धरताना हात हलू नये म्हणून त्यांनी बंदूक जोंगाच्या बॉनेटवर टेकवली, एक डोळा मिटला आणि आम्हाला सांगितलं, "श्वास अर्धा सोडायचा. घोडा ओढायचा नाही, दाबायचा." मग त्यांनी श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला.

फट् झालं आणि त्यापाठोपाठ खळ्. डबा जागच्या जागी होता. पलीकडच्या मडगार्डवर मामांनी हौसेने बसवून घेतलेला गोल आरसा मात्र नव्हता. म्हणजे चौकट होती. आरसा जोंगाभोवतीच्या गवतात होता.

यामागचं शास्त्र सरळ आहे. दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंच बसते. डोळा वरच्या रस्त्याने जातो आणि छर्रा खालच्या. पुढे कुठेतरी दोघांची गाठ पडते, पण सुरुवातीचे काही हात त्यांची ओळखसुद्धा नसते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नाका स्वच्छ दिसतो, म्हणून तळमजल्याच्या दारासमोर कुणी हातगाडी लावली नसेल असं होत नाही. शिवाय दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसतं, पण अगदी जवळचं धूसर होऊन नाहीसंच होतं. हे सगळं मामांनीच आदल्या संध्याकाळी आम्हाला कागदावर आकृती काढून समजावलं होतं. आकृती सुरेख होती. तिच्यात आरसा नव्हता.

मामांनी प्रथम जखमीला तपासलं. चौकटीच्या पत्र्यात बोट घालून म्हणाले, "आत शिरल्याची जखम आहे, बाहेर पडल्याची नाही. म्हणजे छर्रा आतच आहे." मग दवाखान्याच्या पेटीतला चिमटा आणवून साडेचार मिलिमीटरचा तो चपटा झालेला शिशाचा तुकडा त्यांनी इतक्या हलक्या हाताने काढला, की चौकटीने हूं की चूं केलं नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आता प्रश्न उरला, गोळी घातली कुणी?

व्हरांड्यात मामींनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली. लष्करात चमचा हरवला तरी ती बसते, हा तर सरळ गोळीबार होता. मामांनी बाजू मांडली: वारा उजवीकडून होता. (वारा असता तर आम्ही जूनमध्ये लखनऊत बाहेर बसून घामाने निथळलो नसतो.) छर्ऱ्यांची खेप खराब आहे. दुर्बिणीचा स्क्रू ढिला असणार. आणि मुळात मडगार्डवर आरसा बसवायची कल्पना कुणाची? "तुमची," मामी म्हणाल्या. तो मुद्दा कामकाजातून वगळण्यात आला. सहायकाची साक्ष झाली. तो ताठ उभा राहून म्हणाला, "साब, गोली तो डिब्बे की तरफ ही जा रही थी." यात खोटं काहीच नव्हतं.

पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं, की हा शोध केवळ आमच्या मामांचा नाही. माणूस स्वतःच्या वाहनावर गोळी झाडतो तेव्हा त्याला पहिली आठवण दुसऱ्याची होते. 21 सप्टेंबर 1956 रोजी टॉम अ‍ॅट्रिज हा ग्रुमन कंपनीचा चाचणी वैमानिक न्यूयॉर्कजवळ समुद्रावर टायगर नावाचं नवं जेट उडवत होता. सूर मारता मारता त्याने 20 मिलिमीटरच्या तोफा झाडल्या, मग नाक आणखी खाली करून वेग वाढवला. गोळे हवेच्या विरोधाने मंदावत, वाकत खाली आले; विमान जवळच्या वाटेने त्यांच्या आधी तिथे हजर. झाडल्यापासून अकराएक सेकंदांत त्याने स्वतःचेच गोळे गाठले. काच फुटली तेव्हा त्याला वाटलं, पक्षी आदळला! विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. अ‍ॅट्रिज हाडं मोडून का होईना, वाचला. पक्ष्याची निर्दोष सुटका झाली.

पहिल्या महायुद्धात तर हा घोळ दोन देशांत झाला. फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडायच्या, पण पात्याला लागू द्यायच्या नाहीत, अशी यंत्रणा जर्मनांनी बसवली होती. जून 1916 मध्ये त्यांचा नामांकित वैमानिक मॅक्स इमेलमान पडला. ब्रिटिश म्हणाले, आम्ही पाडला. जर्मन म्हणाले, छे, यंत्रणा बिघडली आणि त्याच्याच बंदुकीने त्याचा पंखा उडवला. शत्रूने मारलं हे कबूल करण्यापेक्षा स्वतःच्या गोळीचा पर्याय बरा वाटला, असं इतिहासातलं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण. तिथेही दोष यंत्राला गेलाच.

मामांना यंत्र मिळालं नाही, पक्षी मिळाला नाही. शेवटी त्यांनी विम्याचे कागद काढले. मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. मामांनी सक्तीचा तेवढाच घेतला होता. म्हणजे जोंगाने दुसऱ्याचं काही मोडलं असतं, तर भरपाई होती. दुसऱ्याने जोंगाचं मोडलं असतं, तर त्याच्या विम्याकडे मागता आलं असतं. पण गोळी यांची, गाडी यांची, आणि मध्ये कुणीच नाही, या प्रसंगासाठी त्या कागदांवर ओळ नव्हती. "एक थर्ड पार्टी असती, तर," मामा हळहळले. आयुष्यात प्रथमच त्यांना शेजाऱ्याची उणीव भासत होती.

ती पार्टी दुसऱ्या दिवशी सदर बाजारात मिळाली. मिस्त्री पांढऱ्या दाढीचा, पान एका गालात. त्याने चौकटीतलं भोक पाहिलं. मग बॉनेटकडे, मामांच्या खांद्याकडे आणि पुन्हा भोकाकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. आमच्याकडचा मिस्त्री असता तर म्हणाला असता, "साहेब, ही काय गोळी घालायची जागा आहे?" आणि चार पोरांना बोलावून दाखवलं असतं. हा लखनऊचा. त्याने पान दुसऱ्या गालात सारलं आणि अतिशय हळहळून म्हणाला, "हुजूर, निशाना तो आपका बिलकुल दुरुस्त था. शीशा ही बेअदब निकला, बीच में आ गया."

मामांची छाती पुन्हा कर्नलची झाली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीला जे जमलं नाही, ते या गृहस्थाने पान न थुंकता केलं होतं: गुन्हेगार सापडला होता आणि त्याने शिक्षाही भोगली होती. मामांनी घासाघीस न करता पैसे दिले आणि न राहवून विचारलं, "ये लिखकर दे सकते हो? मेमसाब को दिखाना है."

"लिखना क्या, हुजूर," मिस्त्री म्हणाला, "पूरा लखनऊ गवाह है."

ही अदब नव्हती, वस्तुस्थिती होती. संध्याकाळच्या आत ती सदर बाजारभर पसरली. भाजीवाला, दूधवाला, मेसचा खानसामा, जो भेटेल तो आदाब करून, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता चौकशी करी, "कर्नल साहब, सुना है कोई शीशा बीच में आ गया?"