शंकासुर, मुक्काम पोस्ट शहापूर

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तज्ज्ञ डॉक्टर मोजके, ब्यूटी पार्लरं बेताची आणि नट-नट्या तर फक्त टीव्हीवर. तरीही या तिन्ही खात्यांचा कारभार ज्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो, असा एक तरी माणूस इथे गावोगाव आहे. किन्हवलीत आहे, खर्डीत आहे, धसईत आहे. सरळगावच्या नाक्यावर तर एकाच टपरीवर दोन-दोन निघतात. पाळण्यातलं नाव काहीही असो, गाव त्याला शंकासुर म्हणतं. वय पंचेचाळीसच्या पुढे, भाताची जमीन थोडी आणि वाटेकरी फार, मुलगा एमआयडीसीत कामाला. खिशात स्मार्टफोन आहे आणि फोनला विचारलं की उत्तर मिळतं, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणूनच तो फोनला विचारत नाही. फोन उत्तर देतो आणि गप्प बसतो. माणूस उत्तर देतो, दुसरा ते खोडून काढतो, तिसरा मेव्हण्याचा दाखला देतो, आणि तोवर कुणीतरी चहा सांगितलेला असतो.

त्याची सुरुवात ठरलेली. "नाय, मी काय बोलतो..." एवढं कानावर आलं की ओळखीची माणसं चपला शोधू लागतात.

त्याचं खरं राज्य आसनगाव लोकलमध्ये. आसनगाव ते सीएसएमटी हा दोन तासांचा प्रवास, आणि बाजूच्याला पळून जायला वाव नाही. एकदा कुणाला तरी उचकी लागली. डब्यातल्या डब्यात उपचार सुरू झाले: पाणी पी, श्वास रोख, कुणी आठवण काढतंय त्याचं नाव घे. शंकासुरानं यातलं काहीच सुचवलं नाही. त्याला प्रश्न पडला होता, की उचकी जास्तीत जास्त किती दिवस टिकत असेल? खिडकीजवळच्या कॉलेजच्या पोरानं फोनवर शोधलं. अमेरिकेत आयोवा राज्यात चार्ल्स ऑसबोर्न नावाचा माणूस होता. १९२२ साली डुकराचं वजन करताना त्याला उचकी लागली, ती १९९० मध्ये थांबली. अडुसष्ट वर्षं. तेवढ्यात त्यानं दोन लग्नं केली, आठ मुलं झाली, आणि उचकी थांबल्यावर पुढच्याच वर्षी तो गेला. पोरानं छातीखालच्या पडद्याचं आकुंचन आणि श्वासनळीच्या झडपेचं मिटणंही वाचून दाखवलं, पण ते कुणी ऐकलं नाही. कारण शंकासुरानं विचारलं, "पण अडुसष्ट वर्षं त्याची आठवण काढत कोण व्हतं?" यावर टिटवाळ्यापासून कल्याणपर्यंत चर्चा चालली. पहिल्या बायकोच्या बाजूनं बहुमत झालं.

उत्तरानं त्याचं समाधान होतं हा त्याच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. उत्तर त्याच्या लेखी पुढच्या प्रश्नाचं भांडवल. बोटं मोडल्यानं सांधे खराब होतात, असं घरोघरी आया सांगतात. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरलाही त्याच्या आईनं तेच सांगितलं होतं. त्यानं सुमारे साठ वर्षं रोज डाव्याच हाताची बोटं मोडली, उजव्याची मोडली नाहीत, आणि शेवटी दोन्ही हात ताडून पाहिले. संधिवात कुठेच नव्हता. त्याबद्दल २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं पारितोषिक. दुसरा कुणी असता तर हे ऐकून निर्धास्तपणे बोटं मोडायला लागला असता. शंकासुर मात्र गंभीर झाला. "उजव्या हाताला साठ वर्षं खाज नसंल का आली मोडून घ्यायची?" त्याच्या या प्रश्नात उंगरविषयी जो जिव्हाळा होता, तो सख्ख्या भावासाठीही दिसत नाही. कुठलंही पीक नसलेल्या शेतात आयुष्यभर खुरपत राहणारी माणसं एकमेकांना लांबून ओळखतात.

सौंदर्यशास्त्रातली त्याची सर्वांत मोठी कामगिरी पाण्याशी निगडित आहे. मुंबई जे पाणी पिते त्याचा फार मोठा हिस्सा शहापूर तालुक्यातून जातो. तानसा १८९२ पासून, मग वैतरणेवरचं मोडक सागर, आणि एकटं भातसा तर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास गरज भागवतं. यावर शंकासुराचा सिद्धान्त असा, की जुहू-बांद्र्याच्या नट्यांची कातडी तुकतुकीत दिसते ती क्रीमनं नव्हे, आपल्या पाण्यानं. "त्या आंघोळ करतात ती आपल्याच पाण्यानं ना?" सिद्धान्त ऐकायला गोड, आणि तालुक्याचा मान वाढवणारा. पण टपरीवरच्या एका म्हातारीनं एका वाक्यात त्याचा निकाल लावला: "मंग आमची कातडी अशी का रं?" शंकासुर पहिल्यांदाच निरुत्तर झाला. उत्तर त्याला माहीत होतं. दरवर्षी एप्रिल-मे आला की त्याच धरणांच्या तालुक्यात, डोंगराकडच्या पाड्यांवर टँकर फिरतात. पाणी इथलं, पण इथे थांबत नाही. त्यानं विषय बदलला आणि लक्स साबणाकडे गेला. लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी मराठी होती, लीला चिटणीस, साल १९४१. पुढचा प्रश्न अर्थातच तयार होता: त्या वेळी मुंबईला पाणी कुठलं जात होतं? तानसाचं! सिद्धान्त पुन्हा उभा राहिला.

त्याची एक महिला शाखाही आहे. तिचं कार्यालय मुरबाडच्या बाजारातल्या पार्लरमध्ये, आणि तिचे प्रश्न अधिक टोकदार असतात. १९७५ पासून घराघरांत असलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी रंगभेदावर अग्रलेख लिहिले. पार्लरमध्ये भुवयांना दोरा लावून घेत असलेल्या वहिनींनी विचारलं, "नाव बदललं, पण आतलं बदललं का?" पार्लरवालीचा हात थांबला आणि एक भुवई जरा जास्तच बारीक झाली. माझ्या मते त्या साऱ्या गदारोळातला हा सर्वांत नेमका प्रश्न होता, आणि तो अग्रलेखात आला नाही.

लग्नसराईत दोन्ही शाखांचं संयुक्त अधिवेशन भरतं ते हळदीला. या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी, हे बाहेरच्यांना पटत नाही. त्यांनी मे महिन्यात रात्री अकरा वाजता कुठल्याही गावात गाडी थांबवून डीजे ऐकावा. नवरदेव पाटावर पिवळाजर्द बसलेला, आणि शंकासुर मांडवाच्या खांबाला टेकून: "नाय, मी काय बोलतो, हळदीनं माणूस उजळतो का नुसता पिवळा होतो?" निवृत्त गुरुजी शेजारी होते. त्यांनी सांगितलं, की हळदीनं जखम भरते या शोधाचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना देऊन टाकलं होतं. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं ते लढवलं. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंधसुद्धा पुरावा म्हणून मांडला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. गुरुजींना वाटलं, आता पोरं टाळ्या वाजवतील. शंकासुरानं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन वर्षं आपण चोरीची हळद लावत व्हतो?" मांडवात ज्यांची लग्नं १९९६ मध्ये झाली होती ते जरा अस्वस्थ झाले.

गुळवेलीच्या बाबतीत मात्र त्याची खरी पंचाईत झाली. जी वेल लहानपणापासून तो कुंपणावरून ओढून फेकत आला, तिला कोरोनात सोन्याचा भाव आला. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली, वनधन योजनेचा हात मिळाला, आणि मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून ३५० टनांची, सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आली. दिल्लीच्या सरकारी पत्रकात शहापूरचं नाव छापून आलं. शंकासुरानं काढा सुरू केला. मग २०२१ मध्येच मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयानं ताबडतोब ते दिशाभूल करणारं ठरवलं. डॉक्टरांनी नेमकी गुळवेलच होती का दुसरी कुठली वेल, हे तपासलंच नाही, असं मंत्रालयाचं म्हणणं. शंकासुरानं दोन्ही बाजूंचा मान राखला. सकाळी मंत्रालयाच्या नावानं काढा घ्यायचा, रात्री डॉक्टरांच्या नावानं बंद करायचा.

शंकासुराला शहाणी उत्तरं कुठे मिळत असतील तर ती पावसाच्या तोंडाशी, बाजाराच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या आदिवासी बायकांकडे. जून लागला की त्या शेवळं आणतात. शेवळाची भाजी नीट केली नाही तर घसा असा खाजतो की माणूस दोन दिवस बोलत नाही. (शंकासुराच्या घरी ही भाजी वारंवार होते, कारण तपासलेलं नाही.) "मावशे, खाजतं कशानं?" मावशी म्हणाली, "काकडं घाल, नाय खाजत," आणि शेवळाच्या जुडीबरोबर काकडाची हिरवी आंबट फळं त्याच्या पिशवीत टाकली. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आणि आंबटानं ती खाज मोडते. एवढं रसायनशास्त्र मावशीनं दोन शब्दांत उरकलं होतं. शंकासुर तिथेच उभा राहिला. "पण पयल्यांदा काकडं घालायचं कोणाला सुचलं असंल? आणि त्याच्या आधी किती जणांचे घसे गेले?" मावशीनं पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

नटनट्यांच्या खात्यात त्याची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे. स्वतःची मुलगी आठवीत की नववीत, हे तो बायकोला विचारतो. पण 'सैराट'च्या रिंकू राजगुरूला दहावीला ६६.४० टक्के आणि बारावीला ८२ टक्के पडले, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. माधुरी दीक्षितनं १९९९ मध्ये हृदयाच्या डॉक्टरशी लग्न केलं, तर तिच्या घरी तेलकट करतात का, हा त्याचा जुना आणि अनिर्णित प्रश्न.

पण त्याचा सर्वांत लाडका सेलिब्रिटी चार पायांचा. 'आजोबा' नावाचा बिबट्या २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तिथून तो निघाला तो रेल्वे आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून हा प्रवास जगाला कळला. २०१४ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि त्यात ऊर्मिला मातोंडकर होती. आपल्या तालुक्यावरून चालत गेलेल्या माणसावर (शंकासुर त्याला माणूसच म्हणतो) सिनेमा निघावा आणि आपण त्याला एकदाही पाहू नये, याची हळहळ त्याला अजून आहे. "येवढ्या वाटंत खाल्लं काय त्यानं? आणि मुंबईला जायचं म्हणून कोणी सांगितलं?" बिबट्या डिसेंबर २०११ मध्ये हायवेवर गाडीखाली मेला, हे कुणी सांगितलं की तो चहा अर्धा ठेवून उठतो.

मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली तेव्हा तो थोडा दुखावलाही होता. साठीपुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन निघाल्या, आणि त्यांना प्रश्न विचारायला देशोदेशीचे पत्रकार आले. आपल्या तालुक्यात बाहेरच्यांनी येऊन प्रश्न विचारावेत!

एवढा चौकस माणूस स्वतःच्या प्रकृतीविषयी एक प्रश्न विचारेल तर शपथ. पायाला सूज आहे, जिना चढताना दम लागतो, बायको महिनाभर सांगते आहे. शेवटी तो सरकारी दवाखान्यात जातो. तिथेही पहिलं वाक्य असतं, "एका माणसाचं विचारायचं व्हतं." नव्यानं रुजू झालेली डॉक्टरीण अशा 'एका माणसां'ना आता सरावली आहे. ती त्या माणसाचं वय विचारते, शंकासुर स्वतःचं सांगतो. रात्री किती वेळा उठतो विचारते, तो खाली बघून सांगतो. ती काही न बोलता त्याच्याच दंडाला पट्टा गुंडाळते, हवा भरते.

"एकशे सत्तर. वरचा," ती म्हणते. "मीठ कमी, लोणचं बंद, गोळी रोज सकाळी. आणि सोमवारी परत यायचं. त्या माणसाला घेऊन."

शंकासुर मान हलवतो. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो, उठतो, दारापर्यंत जातो आणि वळतो.

"मॅडम, नाय, मी काय बोलतो... अमिताभचा किती असंल?"

डॉक्टरीण उत्तर देत नाही. पुढच्या पेशंटला आत बोलावते. पण औषधं देणारा कंपाउंडर गोळ्यांची पट्टी हातात धरून थांबलेला असतो. "ऐंशी वरसांच्या पुढं गेला तो," तो म्हणतो, "आपल्यापेक्षा कमीच असंल." मागच्या बाकावरचा एक जण म्हणतो, त्याच्या मेव्हण्याच्या मते जास्त आहे.