जय-विजयांचा कारभार

वैकुंठाच्या दारी सनकादिक चार कुमार येऊन उभे राहिले असता, केवळ त्यांचे कोवळे वय आणि वस्त्रहीन देह पाहून जय-विजयांनी त्यांना अडवले, आणि त्या एका आगळिकीपायी दोघांनाही तीन जन्म भगवंताचे वैरी होऊन काढावे लागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यातले सनकादिकांचे दुःख मात्र मला संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय पत्करल्यावरच उमगले. कारण हल्ली प्रत्येकाच्या ब्राउझरच्या आणि टपालपेटीच्या दाराशी असलाच एकेक द्वारपाल बसलेला असतो, तोही पाहुण्याचा पेहरावच तेवढा पाहतो, आणि आम्हा वेब डेव्हलपरांच्या वाणीत शापाचे सामर्थ्य नसल्यामुळे त्याची नोकरी निर्वेधपणे चालू राहते.

असा द्वारपाल नेमण्याचा वाचकाचा अधिकार मी नाकारीत नाही. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क नावाच्या अमेरिकन विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची भलामण करणारे एकच पत्र अर्पानेट या तत्कालीन संगणकजाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना एकदम धाडले, ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळाच्या पानावर जाहिरातींच्या आडव्या पट्ट्या झळकल्या, आणि त्यानंतर जाहिरातदार मंडळींनी जो धुमाकूळ घातला तो पाहता वाचकाने दाराला अडसर घातला नसता तरच नवल. तक्रार आहे ती द्वारपालाच्या निवाड्याच्या पद्धतीविषयी. ‘ईझीलिस्ट’ नावाची जी यादी बहुतेक ॲडब्लॉकर, म्हणजे ब्राउझरच्या दारावरचे जाहिरातरोधक द्वारपाल, प्रमाण मानतात, तिच्यात हजारो कलमे आहेत. अमुक पत्त्यावरून येणारा माल अडवावा, तमुक नावाची चौकट पानावर असलीच तर ती दिसू देऊ नये, असा सगळा कायदा तिच्यात नमूद आहे. चौकटीत मजकूर काय आहे, याची चौकशी करण्याचे कलम मात्र तिच्यात विरळाच.

एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळाची व्यवस्था माझ्याकडे आली, तेव्हा तिथे नोकरभरतीची जाहिरात ज्या चौकटीत लागत असे तिला माझ्या पूर्वीच्या कंत्राटदाराने, इंग्रजी शासकीय रिवाजाला स्मरून, ‘ॲडव्हर्टाइजमेंट’ असेच नाव दिलेले होते. भरती जाहीर झाली आणि त्याच सकाळी संस्थेच्या कार्यवाहांचा दूरध्वनी आला.

“अहो, शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळी भरती गेली कुठे? पान कोरं आहे!”

“साहेब, माझ्याकडे दिसतंय.”

“तुमच्याकडे दिसून काय उपयोग? अर्ज तुम्ही करणार आहात का?”

मी शक्य तितक्या मृदू स्वरात विचारले, “आपल्या मशीनवर ॲडब्लॉकर आहे का?”

“छे, छे! असलं काही आमच्याकडे नसतं,” ते उत्तरले, आणि एखाद्या सत्शील गृहस्थाला त्याच्या मद्यपानाचे प्रमाण विचारावे तसा त्यांचा स्वर दुखावलेला होता. पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत ‘नेट फास्ट व्हावं म्हणून’ काही तरी बसवून दिले होते, हे पुढल्या जबानीत निष्पन्न झाले. मी त्या चौकटीचे नाव बदलून रोमन लिपीत ‘जाहिरात’ असे ठेवले. द्वारपालाला मराठीचा गंध नसल्यामुळे त्याने तिला सन्मानाने आत सोडले, आणि मातृभाषेच्या उपेक्षेचा असा रोकडा लाभ मला तरी दुसरा आठवत नाही.

टपालपेटीवरचा द्वारपाल याहून संशयी. १९९६ मध्ये इंग्लंडातील स्कंथॉर्प गावच्या रहिवाशांना एओएल या कंपनीचे खाते उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी अक्षरांच्या पोटात एक ग्राम्य शब्द दडला होता. ‘स्पेशालिस्ट’ म्हणवणाऱ्या सभ्य डॉक्टरांवरही, त्या अक्षरांत ‘सिॲलिस’ हे पौरुषवर्धक औषध सापडते म्हणून, असेच बालंट येते. कित्येक सर्व्हर अनोळखी पत्राला पहिल्या खेपेस ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवतात. स्पॅमवाला पुन्हा येण्याची तसदी घेत नाही आणि सज्जन येतो, हा तर्क बिनतोड खरा, परंतु दहा मिनिटांतच मुदत संपणारा ओटीपी घेऊन निघालेल्या सज्जनाने काय करावे? आणखी काही द्वारपाल इतके कर्तव्यदक्ष, की पत्रातला दुवा मालकाच्या आधी स्वतःच उघडून पाहतात. पासवर्ड बदलण्याचा एकदाच चालणारा दुवा त्या तपासणीतच खर्ची पडतो, आणि मालकाच्या हाती ‘हा दुवा वापरला गेला आहे’ एवढा शेरा उरतो. आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार लघुसंदेशांची छाननी सक्तीने सुरू होताच बँकांचे ओटीपीच वाटेत अडकले आणि ती छाननी सात दिवस तहकूब करावी लागली, हेही अनेकांच्या स्मरणात असेल.

त्याच शिक्षणसंस्थेच्या भरतीसाठी अर्ज केलेल्या उमेदवारांचे पोचपावतीच्या ई-मेलवाचून हाल होऊ लागले, तेव्हा मी कार्यवाहांना ही सगळी कैफियत सविस्तर ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि प्रशासकाला शोभेल असा तोडगा सुचवला: प्रत्येकाने आपला स्पॅमचा कप्पा उघडून पाहावा, अशी सूचना सर्व उमेदवारांना ई-मेलनेच एकदम धाडावी. एवढ्या लोकांना एकदम धाडलेले पत्र कोणत्या कप्प्यात जाऊन पडते, हे मी विनयपूर्वक निदर्शनास आणले. पण ठराव मंजूर झाला होता. सूचना रवाना झाली, ‘माहितीसाठी’ म्हणून तिची एक प्रत कार्यवाहांच्या नावेही गेली, आणि ती अद्याप मिळाली नसल्याबद्दल खुलासा मागणारा त्यांचा दूरध्वनी दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच आला.