अठरा सेकंद

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या, मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही.

काल सासूबाईंना दाखवायला नेलं होतं. कुठे, ते नाही सांगत बाई, गाव केवढंसं! स्टुलावर बसल्या, "डॉक्टरसाब, वो रातको जरा..." एवढंच बोलल्या असतील, की साहेबांचं पेन सुरू. "बीपी है, गोली चालू रखो." झालं! दारातून वळून म्हणतात, "और वो चक्कर...", तोवर कंपाउंडरनं पुढचा पेशंट आत घेतलासुद्धा. चेहरा असा एवढासा झाला हो त्यांचा!

तर काय सांगत होते... आमची भाची आलीये ना नागपूरहून, एमबीबीएसवाली. पेशंटशी कसं बोलायचं, हे 2019पासून त्यांच्या अभ्यासातच आहे म्हणे! तिला कालचं सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "मामी, संशोधक टेप लावून मोजतात. कोण किती बोललं, कुणी कुणाला मध्येच तोडलं..." अमेरिकेत 1984 साली 74 भेटी अशा ऐकल्या. पेशंटनं तोंड उघडलं, की सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्येच! म्हणजे आमचे साहेब काही जगावेगळे नाहीत.

आणि आपल्या मध्यप्रदेशाचं तर ऐकाच! इथल्या खेड्यांत खोटे पेशंट पाठवले होते. छातीत दुखतंय, दम लागतोय, सगळं पाठ करून. सरकारी दवाखान्यात जेमतेम अडीच मिनिटं मिळाली. बिनडिग्रीचे झोलाछाप त्यांच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारत होते! आणि जो डॉक्टर सरकारीत बसतो, तोच स्वतःच्या क्लिनिकात गेला, की जास्त विचारतो, जास्त तपासतो. माणूस तोच हं! 2016ला छापून आलंय सगळं.

मी जेवताना हेच रंगवून सांगत होते, तर सासूबाई भात कालवता कालवता म्हणाल्या, "डॉक्टरचं कायले घेऊन बसली? घरात तरी कोण ऐकते माझं?"

अहो, ह्यांचा घास हातातच राहिला! मी आपली ताटाकडे बघत...

भाची मात्र पक्की. मोबाइलवर घड्याळ लावलं नि म्हणाली, "आजी, बोला. कुणी मध्ये बोलायचं नाही." तिकडे स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी असंच गप्प बसून पाहिलं होतं म्हणे, तर पेशंटचं सरासरी दीड मिनिटात आटोपलं.

आमच्या सासूबाईंना पावणेदोन लागली. आणि निघालं काय? गोळी घेतली की चक्कर येते, म्हणून महिनाभर ती गोळी त्या तुळशीत टाकताहेत!

आता सोमवारी परत जायचंय. चिठ्ठीवर पहिली ओळ तीच लिहून ठेवलीये, गोळीची. डॉक्टरांनी तोडलं तरी अठरा सेकंदांत वाचून होते, मी दोनदा म्हणून पाहिलं.

आणि हो, मघाशी तुम्ही काहीतरी सांगत होतात ना, गुडघ्याचं?... सांगा, सांगा. मी गप्प.