डिकीत माकड, पंचांच्या डोळ्यांवर पट्टी

लहानपणीचं कार्टून मोठेपणी डीव्हीडीवर पाहण्यात एकच धोका असतो: रिमोटवर ‘पॉज’ असतो. जपानच्या तात्सुनोको स्टुडिओचं १९६७ मधलं ‘माक गो गो गो’, म्हणजे अमेरिकेतलं ‘स्पीड रेसर’, असं थांबवून पाहिलं की कळतं, चित्र आधीपासूनच थांबलेलं होतं! गाडी जागच्या जागी, पळते ती पार्श्वभूमी. ५२ भागांचा एवढा वेग, तोही काटकसरीत.

जपानचा पहिला द्रुतगती मार्ग, मेइशिन, १९६५ मध्ये पुरा झाला. वेगाचं नवं कौतुक समजू शकतं. पण शर्यतीचे पंच? नायकाच्या ‘माक फाइव्ह’ गाडीच्या स्टिअरिंगवर बटणांची रांग. एक दाबलं की पुढून गोल करवती निघतात, दुसरं दाबलं की गाडी पाण्याखाली. आक्षेप कुणाचाच नाही. डिकीत त्याचा धाकटा भाऊ आणि चिंपांझी लपलेले. शर्यतीआधी डिकी उघडून बघावी, हे घरातल्या एकाही शहाण्याला सुचत नाही.

मुखवटेवाला रेसर एक्स हा नायकाचा सख्खा थोरला भाऊ. निवेदक ते पुन्हापुन्हा सांगतो. प्रेक्षकांना पाठ झालं, नायकाला पत्ता नाही.

तरी हसू जरा बेतानंच. नायकाच्या गाडीत एका बटणाला एकच काम होतं. आमच्या नव्या गाडीत एसी कमी करायचा तर आधी पडद्यावर मेनू शोधा, आणि तोवर समोरचा सिग्नल हिरव्याचा पुन्हा लाल.